एक मूल, नाव माहीत नाही

बोनच्या, म्हणजे पितरांच्या दिवसांतल्या ऑगस्टच्या चौदा तारखेला सकाळी थडग्यांपाशी रंगीत कंदील रोवून मंडळी घरी परतली, तेव्हा इसोनोआत्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की जणू गेलेल्या भावाने वर येऊन तिची पाठ थोपटली असावी. खरं कारण वेगळं होतं. देवळामागच्या चढावर तिला नागाओबाई भेटल्या होत्या. अगदी योगायोगाने, म्हणजे तीन दिवस आधी पत्र पाठवून ठरवलेल्या योगायोगाने. ओनोमिचीच्या एका सिरकेवाल्याच्या धाकट्या मुलासाठी नागाओबाई मध्यस्थी करत होत्या, आणि मुलगी होती या घरची शेंडेफळ, फुसाको.

नागाओबाईंनी थडग्यापुढे उदबत्ती लावली, हात जोडले, आणि मग चष्मा पुसून दगडाच्या कडेला कोरलेली तारीख वाचली. शोवा वीस, म्हणजे १९४५, जुलै वीस. "चांगली तारीख आहे," एवढंच म्हणून त्या उतरून गेल्या.

आमच्या हिरोशिमात सोयरीक जुळवणारा शहाणा माणूस आधी घर पाहत नाही, थडगं पाहतो. घराला रंग देता येतो. थडग्यावर तारीख असते, आणि ती त्या वर्षीच्या ऑगस्टची सहा निघाली, की पाहुणा वाकून नमस्कार करतो, डोळ्यांना रुमाल लावतो आणि मुलगी नाकारतो. बाँबची झळ घरातल्या कोणाकोणाला लागली, रक्तात काय उतरलं, पुढे मुलं धडधाकट होतील का, हे प्रश्न तोंडाने कोणी विचारत नाही. तारीखच उत्तर देते. थोरली याएको अशीच नाकारली गेली, तीही मुलाकडच्या भेटवस्तू घरात येऊन पडल्यावर. त्या परत बांधून पाठवल्या त्याच आठवड्यात ती ओसाकाच्या गिरणीत निघून गेली, ती बोनलाही येत नाही.

थडग्यालाही रंग देता येतो, हा शोध त्यानंतर इसोनोआत्याने लावला. जुना दगड भाजून तडकलेलाच होता. नवा बसवताना घरच्या थोरल्या मुलाने, कोसाकुने, पाथरवटाला जुलैची वीस तारीख सांगितली. बाप गावी, बायकोच्या माहेरी, पोटाच्या दुखण्याने गेला. आई आणि फुसाकोही तिकडेच होत्या. शहरात कोणी नव्हतंच. गोष्ट इतकी चपखल बसली, की तीन वर्षांपूर्वी डोंगरातल्या खेड्यातून आलेल्या सुनेलाही तीच सांगण्यात आली. झाकली मूठ घरातल्या माणसांपुढेही उघडायची नाही, हा आत्याचा नियम.

ती सून, तामाए, स्वयंपाकघरात शेवया उकळत होती. मागच्या दाराशी कोणीतरी खाकरलं, आणि ते कोण हे तिला न बघता कळलं. उमेकिची चाळीस वर्षं या घरच्या कारखान्यात सुयांना नेढी पाडत होता आणि चाळीस वर्षं मागच्याच दाराने येत होता. गेल्या हिवाळ्यात त्याने काम सोडलं. आता तो शर्टात असा उभा होता, जणू शर्ट खुंटीवर टांगलाय. बोनची उदबत्ती लावायला आलोय, म्हणाला. दरवर्षीसारखं कलिंगड आणता आलं नाही, उचलवत नाही, म्हणून दोन काकड्या आणल्यात.

मग त्याने कापडी बोचक्यातून एक घडीचा कागद काढला आणि तो जरा वाचून दाखवाल का, असं अगदी खालच्या आवाजात विचारलं. डोळे आता नेढं सोडून दुसरं काही बघायला तयार नाहीत, असंही सांगितलं.

कागद आरोग्य-वहीच्या अर्जाचा होता. गेल्या वर्षी कायदा आला, तेव्हापासून त्या दिवशी शहरात असलेल्यांना ही वही मिळते आणि वही असली की दवाखाना तपासतो, औषध देतो. मात्र तुम्ही शहरात होता हे सांगणारे दोन साक्षीदार लागतात, आणि ते नात्यातले नकोत. ज्यांनी पाहिलं त्यांतले निम्मे गेले, उरलेल्या निम्म्यांना उपवर मुली आहेत. त्यामुळे साक्षीदार मिळणं हे बोनच्या शाकाहारी दिवसांत मासळी मिळण्याइतकंच अवघड. उमेकिचीच्या अर्जावर मिताकीच्या नावाड्याची साक्ष होती, एकच. खाली लाल पेन्सिलीने कारकुनाने लिहिलं होतं : दुसरा साक्षीदार हवा. सोबतच्या व्यक्तींची नावे लिहिल्यास शोध घेता येईल. तिसऱ्यांदा परत.

तामाएने वरचा मजकूर वाचला. सकाळी कामाच्या ठिकाणी होतो. घर पडले. एका मुलाला पाठीवर घेऊन, एका बाईसोबत नदीपर्यंत गेलो. तिथे दुपारपर्यंत होतो. मूल : नाव माहीत नाही. बाई : नाव माहीत नाही.

ते मूल कोणाचं होतं, तिने विचारलं. गर्दी होती, असेल कोणाचं तरी, असं म्हणून म्हातारा काकड्या धुवायला लागला.

तामाए खेड्यातली, पण बेरीज तिला येत होती. या माणसाला सुईचं नेढं पाहून ती कोणत्या यंत्रावर कोणत्या हाताने झाली हे सांगता येतं, आणि दुपारपर्यंत सोबत असलेल्या मुलाचं नाव माहीत नाही. कामाचं ठिकाण म्हणतो. याला आयुष्यात कामाचं ठिकाण एकच. फुसाको ऐन ऑगस्टमध्ये गळ्यापर्यंत बटणं लावते, किटलीने भाजलं होतं म्हणून. आणि सासूबाईंचा दात दुखतो. तीन वर्षं ती पाहत होती : सहा ऑगस्टला सकाळपासून दात दुखतो, दिवसभर घास उतरत नाही, सातला थांबतो. असा पंचांग पाहून दुखणारा दात तिने दुसरा पाहिला नव्हता.

हिशेब लागला तोवर शेवयांचा लगदा झाला होता. तिने उमेकिचीला दवाखान्याचं विचारलं. थंडीच्या आत इंजेक्शनं सुरू करायला हवीत असं डॉक्टर म्हणतात, तो म्हणाला, पण डॉक्टरांना काय, ते रोजच काहीतरी म्हणतात. मग आपल्या जुन्या यंत्राला भेटून येतो असं सांगून तो मागच्या पडवीत, कारखान्यात गेला.

शेवयांचा पहिला घास घेताच आत्याने मान वर केली. डोंगरात शेवया दाताने खात नाहीत का, असं ती फुसाकोला विचारत होती, म्हणजे तामाएला ऐकू जावं. सासूच्या ताटाशेजारी तामाएने तो कागद ठेवला आणि खाली बसली. सून जेवणाऱ्यांत बसत नसते. ती बसली म्हणूनच सगळ्यांनी हातातले घास थांबवले.

"तीन वर्षं या घरात भात शिजवतेय," ती नवऱ्याकडे पाहून म्हणाली. "आज एका परक्या माणसाच्या अर्जात मला माझं सासर सापडलं."

कोसाकुने कागद वाचला. तो वाईट माणूस नव्हता, हे इथे नोंदवून ठेवायला हवं, कारण पुढचं त्याचं बोलणं तसं वाटणार नाही. वयाच्या पंधराव्या वर्षी तो कुरेच्या कारखान्यात पाठवलेला विद्यार्थी होता. आठ तारखेला चालत घरी आला, तर घराच्या जागी ऊन होतं. त्या उन्हातून त्याने सहा यंत्रं, नऊ कामगार आणि बहिणींचं लग्नाचं वय एवढं सगळं पुन्हा उभं केलं. अशी माणसं घाईने हो म्हणत नाहीत. त्याने तारखा मांडल्या. लग्न नोव्हेंबरमध्ये. साडेतीन महिने. डिसेंबरमध्ये आईने खुशाल साक्षीची सही करावी. तोवर दवाखान्याचा खर्च तो स्वतः करील, पाकीट घेऊन स्वतः जाईल.

मित्सुए, त्याची आई, म्हणाली की उमेकिची पाकीट घेणार नाही. वसंतात पाठवलेलं त्याने परत आणून दिलं होतं, सोबत मुळ्यांची जुडी.

आत्याचा मुद्दा अधिक सरळ होता. त्याने मागितलंय का? नाही. मग कोणी मागितलं नसताना साक्ष द्यायला जाणं म्हणजे पाऊस नसताना शेजाऱ्याच्या डोक्यावर छत्री धरणं. वर कागदाला पाय असतात. साक्षीदाराने स्वतः कुठे होतो तेही लिहायचं असतं. आज सही केली, की महिन्याभरात ओनोमिचीला सिरका आंबणार. "आणि वहिनी, तो इतका शहाणा आहे, की त्याने आपणहून तुमची नावं गाळली. त्याचा शहाणपणा तुम्ही का वाया घालवता?"

इथे आत्या चुकली. उमेकिचीने काय केलं हे तोवर सगळ्यांना कळलं होतं, पण कोणी ते मोठ्याने म्हटलं नव्हतं. तीनदा अर्ज परत आला, चौथ्यांदा येईल, आणि हा माणूस या मुलीचं लग्न होईपर्यंत तिचं नाव माहीत नसल्याचं लिहीत राहील. जगला तर.

कोसाकुने पाहिलं, आईने कागद उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. तिच्याकडे नीट पाहायची त्याला सवय नव्हती; आई ही घरातल्या खांबासारखी गोष्ट, पाठ टेकताना आठवते. आता ती मांडीवर हात ठेवून, सरळ त्याच्याकडे पाहत बसली होती.

"कोसाकु, तुला मी सांगितलं होतं की भिंत पडली आणि तुझे वडील जागच्या जागी गेले. तसं नव्हतं झालं."

तिने कागदाची घडी नीट केली.

"मधला वासा पडला होता. एका टोकाखाली फुसाको, दुसऱ्या टोकाखाली ते, कमरेपर्यंत. ते बोलत होते. उमेकिचीने एक बाजू उचलली की दुसरी दबायची. त्याचा उजवा हात सोललेला होता. मीही धरलं, पण माझ्याने काय उचलतं. योकोगावाकडून आग येत होती. कोणती बाजू उचलायची हे मी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. तुझे वडीलच सांगत होते, इथे फळी घाल, तिथे हात घाल. मुलगी निघाली. मग ते म्हणाले, जा. आम्ही गेलो. नदीपर्यंत मला त्यांचा आवाज येत होता. तो नसणार, इतकं लांब येत नाही. पण मला येत होता."

आत्याने हातातल्या जेवणाच्या काड्या ताटावर ठेवल्या, त्या घरंगळून खाली गेल्या.

"जुलैची तारीख फुसाकोसाठी कोरली, असं तुम्ही समजता. मी नाही म्हटलं नाही, कारण मला ती सोयीची होती. जो जुलैत गेला, त्याला ऑगस्टमध्ये टाकून कोणी जाऊ शकत नाही. सहा वर्षं मी त्या दगडाआड लपून बसलेय, आणि दगडाबाहेर तो म्हातारा उभा आहे. त्याने आजवर कोणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. साक्ष द्यायची तर हे सगळं लिहावं लागेल, म्हणून आधी तुला सांगितलं. परवानगी मागत नाहीये."

आजवर मित्सुए एका दमात इतकं बोलल्याची या घरात नोंद नाही. हिशेबाने पाहिलं तर तिच्या हाती काही लागणार नव्हतं. गमावण्यासारखं मात्र सगळंच होतं, आणि ते तिने स्वतःच ताटात वाढून मुलापुढे ठेवलं. मोठ्या धैर्याच्या गोष्टी लोक सांगतात त्यांत बहुधा तलवार असते. इथे गार झालेल्या शेवया होत्या.

कोसाकु उठला आणि पडवीकडे गेला. दार त्याने सरकवलं, पण आपटलं नाही.

आत्या इसोनो ही अखेर त्या मेलेल्या माणसाची बहीण होती, हे इतका वेळ सगळे विसरले होते, बहुतेक तीही. तिने विचारलं, "दादाला पाणी तरी देता आलं का?"

"नाही, वन्सं."

आत्याने मान हलवली, बराच वेळ हलवत राहिली. मग फुसाकोकडे वळून म्हणाली की लग्न तुझं आहे, तूही काहीतरी बोल, नाहीतर म्हातारपणी आम्हाला बोल लावशील.

फुसाको त्या मुलाला दोनदा भेटली होती. दुसऱ्या भेटीत त्याच्या नव्या कोटावर पीचचा रस सांडला आणि तो स्वतःवरच हसत सुटला. तेव्हापासून तिला ओनोमिचीचा चढ, तिथली बंदरावरची हवा, सगळं आपलंसं वाटायला लागलं होतं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि आताही सांगितलं नाही. ती म्हणाली, "आत्या, पहिल्या उन्हाळ्यात नवरा विचारणारच. किटलीने भाजलं म्हणून सांगू? खांद्यापासून कमरेपर्यंत भाजेल एवढी किटली कोणाच्या घरी असते?" आणि मग, आवाज जरा खाली गेल्यावर, "त्यांना मी चालले तर चालेन. पण उमेकाकांच्या नाव माहीत नसण्यावर नको."

आत्या उठली. उन्हाची छत्री शोधली, किमोनोचा पट्टा नीट केला. नागाओबाईंकडे जाते, असं तिने जाहीर केलं. ओनोमिचीपर्यंत कागद चालत जाण्याआधी आपण बोललेलं बरं. जुळवायला मी गेले होते, तुटायचं असेल तर तेही माझ्याच तोंडून तुटेल. परक्याच्या तोंडून तुटलं की कडा राहतात. दाराशी ती थांबली आणि तामाएला म्हणाली की शेवया टाकून देऊ नकोस, आल्यावर खाईन. तिच्याकडून याहून मोठी क्षमायाचना आजवर कोणी ऐकलेली नाही.

पडवीत उमेकिची आपल्या यंत्राच्या तरफेवरची धूळ बोटाने काढत होता. मागे कोसाकु येऊन उभा राहिला तेव्हा त्याला वाटलं, धूळ राहिली म्हणून मालक रागावणार.

कोसाकुने विचारलं, "बाबा शेवटी काय म्हणाले?"

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, मग पडवीच्या दाराकडे, जिथून मालकीणबाईंचा आवाज मघाशी थोडाथोडा ऐकू येत असावा. आठवत नाही धाकटे मालक, वय झालं, असं त्याने सुरुवातीला सांगितलं. कोसाकु हलला नाही.

"मुलीला बाहेर काढलं तेव्हा ओरडले माझ्यावर. अरे, काखेतून धर, हात ओढू नको, सांधा निखळेल. मी परत वासा धरायला गेलो. तर म्हणाले, जा आता. मी गेलो नाही. पुन्हा धरला. मग म्हणाले, उमेकिची, आता थांबलास तर आजची मजुरी कापीन." त्याने तरफ हळूच वर ढकलली. "कधीच कापली नव्हती हो त्यांनी. एकदाही नाही. म्हणून कळलं की खरंच जायचंय."

कोसाकु भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. किती वेळ, ते उमेकिचीने मोजलं नाही. तोही दुसरीकडे पाहत होता. नंतर कोसाकुने मेजाचा खण उघडून सहीच्या जागी उमटवायचा घराचा शिक्का काढला, शाईची डबी काढली, आणि म्हाताऱ्याच्या दंडाला धरून त्याला आत नेलं. मागच्या दाराने नाही, बसायच्या खोलीत, गादीवर.

तिथे मित्सुएने लिहायला घेतलेलं होतं. तिचं अक्षर लहान आणि सरळ, सुया ओळीने टोचल्यासारखं. उमेकिचीने ते पाहिलं आणि दोन्ही हात जमिनीला टेकवून कपाळ खाली नेलं. नको मालकीणबाई, असं तो तसाच वाकून म्हणत राहिला. पोरीचं लग्न आहे, माझं काय, दोन हिवाळे कमी-जास्त. मित्सुए लिहायची थांबली नाही. लिहिता लिहिता म्हणाली की तेरा वर्षांपूर्वी तुम्ही आमचं ऐकलं नाहीत, फुसाकोला नदीपर्यंत एकदाही खाली ठेवलं नाहीत; आता आमची पाळी.

शेवटची ओळ झाल्यावर कोसाकुने शिक्का तिच्या नावाखाली उमटवला, दोन्ही हातांनी.

मग अर्ज उरला. कोसाकुने 'नाव माहीत नाही' यावर दोन आडव्या रेघा ओढल्या आणि शेजारी बहिणीचं नाव लिहिलं, खालच्या रेघेवर आईचं. खाडाखोड केली की तिथे अर्जदाराचा शिक्का लागतो, नाहीतर कारकून तेवढ्यासाठी चौथ्यांदा परत पाठवील. उमेकिचीने बोचक्यातून आपला लाकडी शिक्का काढला. त्याने तो मुलीच्या नावाशेजारी नेला आणि इतक्या हलकेच टेकवला, की कागदावर लाल रंगाची फक्त एक कड उमटली, चंद्रकोरीएवढी.

फुसाको त्याच्याजवळ सरकून बसली आणि शाईची डबी तिने पुन्हा त्याच्यापुढे केली.

"नीट दाबा, काका," ती म्हणाली. "मला उचललंत तेव्हा एवढा हलका हात नव्हता तुमचा."